यादी फोनबाहेर जात नाही

सुरतेतल्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मला नोकरी लावून दिली ती ताईने. ती सख्खी नव्हे. पण तीही आमच्यासारखी खानदेशातली, आणि त्या गुजराती ऑफिसात आमच्या दोघींचीच बोली एक. सकाळी मी आले की तिचा आवाज यायचा, "काय करी ऱ्हायनी वं?" तेवढ्यानेच गोडादऱ्याहून रिक्षात दाटीवाटीने आल्याचा शीण जायचा. ती प्रोग्राम लिहायची. तो कसा वापरायचा, हे साध्या भाषेत मी लिहायचे.

त्या पावसाळ्यात तिने एक नवं टूल बनवलं. फोनमध्ये कोणकोणते अ‍ॅप आहेत, त्यांची यादी काढणारं. प्रत्येक अ‍ॅपला दोन नावं असतात, हे मला तेव्हाच कळलं. एक पडद्यावर दिसणारं, आणि एक आतलं, ठिपक्यांनी जोडलेलं लांबलचक. टूल दोन्ही दाखवायचं. मला मराठी, गुजराती आणि हिंदीत मार्गदर्शिका लिहायची होती.

"हे कशासाठी वापरणार लोक?" मी विचारलं.

"बिनकामाचे अ‍ॅप शोधायचे, काढून टाकायचे. फोन हलका होतो."

"आणि यादी कुठे जाते?"

"कुठे जाणार? फोनमध्येच राहते. तसं स्पष्ट लिही, लोक घाबरतात."

मी लिहिलं, 'ही यादी तुमच्या फोनबाहेर जात नाही.' तिन्ही भाषांत लिहिलं. नमुन्याची चित्रं हवी होती, म्हणून टूल माझ्याच फोनवर चालवलं. यादीत बँकेचं अ‍ॅप होतं, भजनांचं होतं, आणि गरोदरपणाचे आठवडे सांगणारंही होतं. ते चित्रात येऊ नये म्हणून मी यादीचा वरचाच भाग घेतला.

आधी एकदा माझं पोट पडलं होतं. तेव्हा सगळ्यांना सांगून बसले होते, आणि मग एकेकाला पुन्हा सांगावं लागलं होतं. म्हणून या वेळी मी आणि नवऱ्याने ठरवलं, तीन महिने चकार शब्द काढायचा नाही. आईलाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शेठने केबिनमध्ये बोलावलं. दिवाळीनंतर मला कायम करणार होते, मला वाटलं त्याचंच असेल. ते हसून म्हणाले, "बेन, हवे तो आराम करवानो." आता आराम करायचा. माझं काम ते दुसऱ्या मुलीला देणार होते. "अशा वेळी धावपळ बरी नाही," असंही म्हणाले, आणि माझा हात नकळत पोटावर गेला.

बाहेर येऊन मी सरळ ताईच्या टेबलाशी गेले. तिने मान वर केली नाही, तिथेच मला कळलं.

"ताई, यादी बाहेर जाते?"

"सर्व्हरवर जाते. शेठनेच तसं करायला सांगितलं होतं. पांडेसऱ्यातले मिलवाले घेणार आहेत, कामगारांच्या फोनसाठी."

"आणि माझं त्यांना कोणी दाखवलं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "टूल चालतं का, दाखव म्हणाले. सर्व्हरवर तुझीच यादी होती. ते आठवड्यांचं अ‍ॅप कशाचं, असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं. उद्या त्यांना कळलंच असतं, मग मी लपवलं असं झालं असतं. मलाही घर आहे गं."

कामाचं ती पुस्तकी मराठीत सांगायची, पण घरचं, मनातलं पुस्तकी मराठीत बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदाच.

मी जागेवर जाऊन मार्गदर्शिका उघडली. ते वाक्य खोडून लिहिलं, 'ही यादी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मालक ती पाहू शकतो.' तिन्ही भाषांत बदललं, आणि राजीनामा दिला. माझा नवरा पांडेसऱ्यातच एका डाइंग मिलमध्ये रंग मिसळतो. टूलचं मी त्याला काही सांगितलं नव्हतं; आरामासाठी काम सोडलं, एवढंच. दोन महिन्यांनी मिलने तेच टूल कामगारांच्या फोनवर टाकलं. त्याने सोबतचा कागद घरी आणला. माझी भाषा होती, माझी चित्रं होती, आणि 'फोनबाहेर जात नाही' हे माझं आधीचंच वाक्य कोणीतरी परत जसंच्या तसं बसवलं होतं. मिलमध्ये सगळ्यांनी माझ्या नवऱ्याच्या भरवशावर होकाराचं बटण दाबलं होतं, कारण ते त्याच्या बायकोने लिहिलंय हे त्यानेच अभिमानाने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने एकेकाला गाठून खरं काय ते सांगितलं. काहींनी टूल काढलं. काही म्हणाले, मुकादम विचारेल, राहू दे.

मुलगी सुखरूप झाली. बारशाला बोलावलं नव्हतं, तरी ताई आली, हाताने शिवलेलं झबलं घेऊन. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्याकडची पोर आलीय म्हणून ती हरखली, बाळ तिच्या मांडीवर दिलं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. ताई माझ्याकडे बघत राहिली, मी नको म्हणावं अशी वाट बघत असल्यासारखी.

मी ताट वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेचा. ती जेवली. आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.