टांझानियाच्या अहवालाचं एकतिसावं पान

ज्या माणसावर मी सूड उगवला, तो मला अक्का म्हणायचा. आमच्या हुबळीत अक्का म्हणजे थोरली बहीण, आणि कारखान्यातले सगळेच मला तशी हाक मारत. पण त्याच्या तोंडून तो शब्द आला की मला कामवालीला बोलावल्यासारखं वाटे. तो आमच्या मालकांचा जावई. बंगळूरला मोठी पदवी घेतलेला. लग्नानंतर सहा महिन्यांत तो निर्यात विभागाचा प्रमुख झाला. तोवर निर्यात विभाग म्हणजे मी एकटी होते.

कारखाना गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत होता. आम्ही घरगुती पिठाच्या गिरण्या करायचो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावणाऱ्या, छोट्या कपाटासारख्या. शिवाय मिरची-मसाला दळायचं एक बुटकं, जड यंत्र होतं. दिसायला ओबडधोबड, पण ब्याडगीकडचे लोक तेच मागून नेत. मालकांना सगळे अण्णा म्हणत. ते कन्नडमध्येच बोलायचे आणि मला 'तंगी' म्हणायचे. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. पुण्याच्या मावसबहिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, पगार वेळेवर होत नाही.

टांझानियाला माल पाठवायचं अण्णांच्या मनात एका प्रदर्शनात आलं. पण माणूस जुन्या चालीचा. आधी बघून ये, म्हणाले. तिथले लोक काय दळतात, कुठे दळतात, वीज कशी आहे, बंदरात माल का अडतो, आपल्या आधी कोण गेलं आणि का परत आलं, सगळं विचारून ये. आणि निघताना एवढंच म्हणाले, "नको म्हणावंसं वाटलं तर नको म्हण. मला राग येणार नाही."

मी त्याआधी विमानात बसले नव्हते. केशवापुरातल्या घरी नवरा आणि दहावीतली मुलगी यांना सोडून मी तीन आठवडे गेले. दार-एस-सलाममध्ये पहिले चार दिवस मी फक्त घरांच्या मागच्या बाजूला बघत फिरले. आपल्याकडे गिरणी खपते, कारण गृहिणीला घरचं ताजं पीठ लागतं. तिथे शहरातली बाई मक्याचं पीठ पिशवीत विकत आणते, आणि गावातली मका डोक्यावर घेऊन वस्तीतल्या गिरणीवर जाते. त्या गिरणीवर तिला तासभर बसायला मिळतं, चार बायका भेटतात. घरात एक कपाट आणून तिने तो तास का घालवावा? शिवाय वीज कधी जाईल याचा नेम नाही. आमच्या गिरणीला तिथे जागाच नव्हती.

मग मी मोरोगोरोला गेले. तिथल्या बाजारात एक बाई भाजलेल्या शेंगदाण्यांचा लगदा करून डब्यांत भरून विकत होती. तिचं यंत्र दर दोन-तीन दिवसांनी बंद पडायचं आणि सुटा भाग मिळायचा नाही. ती मला 'दादा' म्हणाली. मी आधी दचकले. मग कळलं, त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. मी दोन दिवस तिच्या शेजारी लाकडी खोक्यावर बसून राहिले. तिने मला दळायला लावलं, हात भाजला तेव्हा हसली. तिला आमचं ते बुटकं मिरचीचं यंत्र हवं होतं, अगदी तेच. तिने आणखी नऊ दुकानं दाखवली. सगळ्यांचं म्हणणं एकच: यंत्र नंतर पाठवा, आधी सुटे भाग कुठे मिळतील ते सांगा.

बंदराचं सगळं मला एका म्हाताऱ्या गुजराती हार्डवेअरवाल्याने शिकवलं. त्याच्या आजोबांपासून ते लोक तिथे होते. त्याने सांगितलं की विजेवर चालणाऱ्या मालाची तपासणी तुमच्याच देशात, जहाजावर चढण्याआधी व्हायला हवी. तो दाखला नसेल तर माल इथे येऊन उन्हात पडतो आणि दंड वाढत जातो. त्याच्या गोदामामागे असाच अडकून खराब झालेल्या पंख्यांचा ढीग होता. तो त्याने मला मुद्दाम नेऊन दाखवला.

हे सगळं मी चव्वेचाळीस पानांत लिहिलं. गिरण्या पाठवू नका. मिरचीची यंत्रं थोडी पाठवा, सुट्या भागांचा एक विक्रेता आधी नेमा. आणि दाखल्याची माहिती एकतिसाव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत.

अहवाल इंग्रजीत होता. अण्णांना इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून मी तो त्यांना समोर बसून सांगणार होते. जावई म्हणाला, सुटं सुटं सांगू नका, मी सगळ्यांसमोर एकदाच व्यवस्थित मांडतो. तोवर फाइल माझ्याकडे द्या. मी दिली.

बैठकीला बँकेचे दोघे होते, पुरवठादार होते, अण्णा होते. पडद्यावर पहिलंच वाक्य आलं, आमच्या प्रत्यक्ष पाहणीत असं आढळलं. त्याच्या पाहणीत. जो माणूस हुबळीहून बेळगावला जायचं तरी गाडीतला एसी तपासून निघायचा. पुढे त्या देशात इतकी लाख घरं, त्यातल्या शंभरातल्या एकाने गिरणी घेतली तर एवढा खप, असं चित्र आलं. मग मोरोगोरोच्या बाजाराचा फोटो. तो त्या शेंगदाणेवाल्या बाईच्या मुलीने काढला होता, आम्ही दोघी यंत्राजवळ बसलेल्या. त्याने मला कापून काढलं होतं. पण नीट कापता आलं नव्हतं. बाईच्या खांद्यावर माझा हात राहिला होता, मनगटावरच्या घड्याळासकट.

मी बोलायला तोंड उघडलं. तो हसून म्हणाला, "अक्का, चहाचं जरा बघता का? पाहुणे आलेत."

मी उठले. आजही मला त्याच्यापेक्षा जास्त राग याचाच येतो, की मी उठले. चहा सांगून परत आले तेव्हा अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेले. गिरण्यांचं तुम्ही ठरवलंत ते ठरवलंत, पण तपासणीचा दाखला घ्या, असं सांगितलं. माझ्याकडच्या प्रतीतलं एकतिसावं पान समोर ठेवलं. त्याने ते वाचलं नाही. कागदपत्रं एजंट बघेल, म्हणाला, तुम्ही बारीकसारीक गोष्टींत फार अडकता. मी पान उचललं आणि बाहेर आले. त्याच क्षणी माझ्या मनात काहीतरी घट्ट झालं. मी त्याला एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा मी सांगणार नव्हते.

पुढचे चार महिने मी नेमलेलं काम चोख केलं. पत्रं टाइप केली, फोन घेतले. त्याने मुंबईत मित्राच्या ओळखीचा एजंट धरला. माल इथल्या बंदरातून बाहेर काढणं एवढंच त्याचं काम. पलीकडे काय लागतं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मग गिरण्या भरायला सुरुवात झाली. ते काम अकरा दिवस चाललं. पॅकिंगमध्ये जुन्या हुबळीहून येणाऱ्या एक मावशी होत्या. त्या प्रत्येक खोक्यावर पट्टी मारताना हळूच हात फिरवायच्या. मी खिडकीतून बघायचे. रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारील, दाखला कुठे आहे? कुणी विचारलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, रोज संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मला बरं वाटायचं. मुलीच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघावी, तशी मी त्याच्या निकालाची वाट बघत होते.

नवव्या दिवशी अण्णा स्वतः माझ्या टेबलाजवळ आले. असं ते कधी करत नसत. त्यांनी विचारलं, "तंगी, एल्ला सरि ऐतिल्ल?" सगळं ठीक आहे ना, एवढाच त्याचा अर्थ. पण ते माझ्याकडे बघत थांबले होते. त्यांना काहीतरी खटकत होतं आणि ते मला बोलायची वाट करून देत होते, हे मला स्पष्ट कळत होतं.

मी म्हटलं, "जावईबापूंना विचारा. सगळं त्यांनीच बघितलंय."

ते मान हलवून गेले.

माल तिथे पोचला आणि अडकला. पहिल्या आठवड्यात जावई फोनवर मोठ्याने बोलत होता. दुसऱ्या आठवड्यात दार लावून बोलू लागला. शेवटी माझ्या टेबलाशी येऊन त्या गुजराती व्यापाऱ्याचा नंबर मागितला. मी म्हटलं, डायरी घरी आहे. डायरी माझ्या पर्समध्ये होती. तीन दिवस मी ती घरी 'विसरत' राहिले. चौथ्या दिवशी त्याने 'प्लीज' म्हटलं, तेव्हा नंबर दिला. त्या म्हाताऱ्याच्या मदतीने दंड भरून माल सुटला. पण सुटून जाणार कुठे? गिरण्या कुणी घेईना. त्या तिथल्या गोदामात पडून राहिल्या आणि इथे कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली.

अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. जावई सांगत होता की तिथले नियम कुणालाच माहीत नव्हते, प्राथमिक पाहणीतच ते यायला हवे होते. प्राथमिक पाहणी म्हणजे मी. मला याचीच वाट होती. मी मूळ अहवाल अण्णांसमोर ठेवला. एकतिसावं पान दुमडून ठेवलं होतं. त्यांनी ते हिशेबनिसाकडून कन्नडमध्ये वाचून घेतलं. मग गिरण्या पाठवू नका, हे पहिलं पानही वाचून घेतलं. जावयाच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. मी तो उतरताना पूर्ण बघितला, एकदाही नजर काढली नाही. त्या पाच मिनिटांसाठी मी वर्षभर थांबले होते, आणि ती पाच मिनिटं तितकीच गोड होती.

सगळे गेल्यावर अण्णांनी मला थांबवलं. त्यांनी दुमडलेलं पान हाताने सरळ केलं. मग म्हणाले, "तो मूर्ख आहे. तू मूर्ख नाहीस. मी तुझ्या टेबलापाशी आलो होतो."

सांगण्यासारखं होतं ते बैठकीतून मला उठवलं तेव्हाचं. पण ते त्यांच्यासमोरच घडलं होतं आणि त्यांनीही मला थांबवलं नव्हतं. ते मी त्यांना तेव्हा ऐकवायला हवं होतं, असं अजून वाटतं.

जावयाला निर्यातीतून काढलं. ते काम परत माझ्याकडे आलं. पण त्या दिवसापासून अण्णा मला मॅडम म्हणू लागले. अदबीने, हसून, पण मॅडम. मी पुढल्या वर्षी पंचवीस मिरचीची यंत्रं मोरोगोरोला पाठवली, दाखल्यासकट, आणि सुटे भाग त्यांच्याही आधी. ती सगळी खपली. त्यानंतर मी राजीनामा दिला. अण्णांनी थांब म्हटलं नाही.

दुसरी पाळी मात्र लगेच सुरू झाली नाही. एकदा दुर्गदबैलच्या बाजारात भाजी घेताना पॅकिंगवाल्या मावशी भेटल्या. त्या आता एका खानावळीत भाकऱ्या करत होत्या. त्यांनी विचारलं की माल तिकडे पडून का राहिला, आमच्या पॅकिंगमध्ये काही चुकलं का? मी नाही म्हटलं. कागदाची चूक होती, असं सांगितलं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या बिचाऱ्या इतके महिने स्वतःला दोष देत होत्या. त्या एका गोष्टीची मला शरम वाटते. बाकी कशाची नाही.

आता मी घरातूनच काम करते. हुबळी-धारवाडचे लहान कारखानदार येतात, कुणाला केनियाला जायचं असतं, कुणाला व्हिएतनामला. मी जाऊन बघून येते आणि अहवाल त्यांच्या भाषेत, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, मालकाच्या समोर बसून वाचून दाखवते. मध्ये कुणाला फाइल देत नाही.

गेल्या महिन्यात देशपांडे नगरला दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. समोर तोच. गाल सुजलेला, हातात रुमाल. रुमाल गालाला लावून तो बोलला. आवाज खाली होता.

"अक्का, तुम्ही तेव्हा मला परत एकदा सांगायला हवं होतं."

"एकदा सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्याने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दुखलं म्हणून मिटलं. माझा नंबर त्याच्या आधी होता. नर्सने मला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली की यांना फार ठणका आहे, तुमची हरकत नसेल तर यांना आधी घेऊ का?

मी हरकत घेतली आणि आत गेले.