दाराजवळची जागा

तव्यावरचं झाकण उचलण्याआधी मावशी त्यावर उलथन्याने टकटक करायची आणि म्हणायची, "सारे बसा." सगळे बसलेलेच असायचे. माझे यजमान, सासूबाई, मी आणि आमची लहानगी जुई. तरी मावशी थांबायची. मागच्या दाराकडे बघत राहायची, कुणाला चपला काढून आत यायला लागतो तेवढा वेळ. मग मान हलवून झाकण उचलायची.

प्रत्येकाच्या शेजारात अशी एखादी बाई असते, जिच्या सवयीला आपण आधी हसतो आणि मग ती सवय आपल्यालाच लागते. तुमच्याही असेल. आमची दवनीवाड्याला होती.

तिथल्या गुरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली तेव्हा आमच्या बिऱ्हाडाच्या मागे मावशीचं घर होतं. मध्ये फक्त बेशरमाच्या झुडपांच्या फोकांचं कुंपण. ती एकटीच राहायची, सोबतीला एक शेळी आणि काही कोंबड्या. गाव मला 'ढोरायची डाक्टरीन' म्हणायचं. आता गंमत बघा, गाभण शेळीच्या पोटावर हात ठेवून मी आत काय आहे ते सांगायची, पण पोटच्या पोरीचं पोट मला कळत नव्हतं. जुईचं पोट फुगलेलं, हातपाय काड्या. खाल्लेलं टिकायचं नाही. शाळेत खेळायच्या तासाला ती पायरीवर बसून राहायची. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, गव्हातलं ग्लूटेन हिला सोसत नाही. आयुष्यभर गहू बंद. रवा, मैदा, बिस्किट काही नाही. पोळीचा कणसुद्धा तिच्या ताटात पडता कामा नये.

आम्ही अमरावतीकडची माणसं. सकाळी चहापोळी, नाहीतर उपमा, नाहीतर शिरा. सासूबाईंच्या मते तर पोळी झाल्याशिवाय घर जागंच होत नाही. म्हणून मी सोपा उपाय काढला. जुईची ताटली वेगळी, वाटी वेगळी. आमच्या पोळ्यांचे कण उडू नयेत म्हणून तिचा पाटही वेगळा, मागच्या दाराजवळ.

एका सकाळी मावशी शेळीचं औषध मागायला त्याच दारात आली. खाली बसलेली जुई बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

"हिले इथं काऊन बसवली वो?"

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

"नोको, बाई. उचला तिले. जित्त्या मानसाले वेगळं पान नाई वाढत. वेगळं पान मेल्या मानसाचं रायते. एकटं बसवलं का थो मानूस तिथंच राहून जाते."

असल्या बोलण्याचा मला राग येतो. दवाखान्यात रोज कुणीतरी म्हशीला नजर लागली म्हणून घेऊन येतो. मी औषधाची बाटली दिली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कुंपण ओलांडून स्वयंपाकघरात हजर. हातात काळाभोर लोखंडी तवा.

"या तव्याले गहू ठाऊक नाई," ती म्हणाली. "आजपासून सारे एकच खातीन."

त्या दिवशी तिने आयते केले, म्हणजे तांदळाची धिरडी. भिजवलेल्या तांदळाचं पीठ, थोडं मीठ, कांद्याच्या अर्ध्या फोडीने तव्याला तेल. वर जवसाची चटणी. मग रोजच वेगळं काही. वाफवलेले तांदळाचे फरे, कधी त्यांना जिऱ्या-मिरचीची फोडणी. लाखोळी डाळीच्या पिठाचे वडे. थंडीत ज्वारीची उकडपेंडी, भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरून. घाईच्या दिवशी गूळ घातलेली पेज नाहीतर पोहे. आमचे साहेब पहिल्या आठवड्यात तोंड पाडून बसायचे, पुढे चौथा आयता मागू लागले. सासूबाई मात्र गनिमी काव्याने लढल्या. त्यांनी देव्हाऱ्यामागे टोस्टचा पुडा लपवला होता. मावशीने तो बरोबर काढला आणि शेळीपुढे टाकला.

"सारे म्हंजे सारे," ती म्हणाली. "देव बी त्यातच आला."

महिन्या-दोन महिन्यांत जुईच्या गालांवर मांस आलं. ती अंगणात कोंबड्यांमागे धावू लागली. मला मावशीचे पाय धरावेसे वाटायचे, पण ती कुणाला पायाशी येऊ द्यायची नाही आणि आमच्याकडे घासभर खायचीही नाही. "माहं झालं," एवढंच म्हणायची. तिला खाताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस मावशीचा हात तव्यावर असताना जुईने विचारलं, "त्या ताईला का नाही वाढत?"

मी वळून पाहिलं. मागचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर ऊन होतं आणि तिचा जुना पाट तिथेच पडून होता. बाकी काही नव्हतं.

मावशीचा आयता जळला. तिचा आयता जळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिने मान वर न करता विचारलं, "कसी हाय वो थे?"

"हसतच नाही," जुई म्हणाली. "ताटली मांडीवर घेऊन बसते नुसती."

मावशी तवा तसाच चुलीवर टाकून घरी गेली. मी आधी तो पाट उचलून माळ्यावर टाकला. मला माझाच राग येत होता.

संध्याकाळी शेळीच्या खुराला मलम लावायला गेले तेव्हा ती आपणहून बोलली. "माही पोट्टी होती. पोरी खाल्ली का ओकून टाके. पोट हे एवढं. घरचे म्हने, बाहेरचं हाय, हिच्या पोटात कोनी बसून हाय. दुसऱ्या लेकरायले लागन म्हनून तिले दारात बसवलं. तिथंच वाढलं. मी बी वाढलं. मले वाटे, बरी झाली का घेईन आत." ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुमच्या पोरीचं आयकलं तवा समजलं का गहूच होता थो."

पोरी म्हणजे तिच्या बोलीत पोळी, हे मला माहीत होतं. मी तिचा हात हातात घेतला, तो तव्यासारखा खरखरीत होता.

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले. या भागात मंडईला गावोगाव पाहुणे येतात. आमच्याकडे दीर-जाऊ आले नागपूरहून, आणि मावशी गेली दरेकशाला भावाकडे. जाऊबाईंनी हौसेने पुऱ्या तळायला घेतल्या. "जुईला तिकडे बसवू ना दाराशी, म्हणजे पीठ उडणार नाही," त्या म्हणाल्या. मी आयते करण्यात गुंतले होते. नको म्हणेपर्यंत जुई आपली ताटली घेऊन तिथे जाऊन बसलीसुद्धा. पाठ आमच्याकडे, तोंड दाराकडे.

मी हाक मारली. तिने मान वळवली नाही. तिच्या बाबांनी हाक मारली. सासूबाईंनी मारली. पोरगी हलेना. कढईतलं तेल तेवढं वाजत होतं.

तेवढ्यात झाकणावर टकटक झाली.

सगळ्यांनी ऐकली. झाकण तव्यावर होतं आणि मी चार हात लांब उभी होते. तव्याजवळ कुणीच नव्हतं, जाऊबाईही पलीकडच्या शेगडीवर कढईपाशी होत्या. मागच्या दारात मावशी उभी होती, एका हातात पिशवी, दुसरा चौकटीवर.

"मन लागेना तं पहिल्या गाडीनं आली," ती म्हणाली, आणि खाली पाहिलं.

जुईने आयत्याचे दोन भाग केले होते. एक तिच्या ताटलीत होता, दुसरा शेजारी फरशीवर, नीट घडी घालून.

"हे कोनाले, माय?"

"ताईला. ती म्हणाली, तूपण इथेच बस."

जाऊबाईंच्या हातातला झारा कढईत पडला. मावशी पिशवी ठेवून त्या दोघींच्या मधल्या जागेत, उंबऱ्यापाशी बसली. दोघींच्या म्हणते, कारण ती तशीच बसली, दोन्हीकडे अंग चोरून. फरशीवरचा अर्धा आयता उचलून तिने खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. ती रडत होती आणि चावत होती.

मग उठली. "चाल वो माय, घरी," ती म्हणाली. "आता मी तुह्यासंगंच बसून खाईन." आणि कुंपणाकडे चालू लागली. तिचा डावा हात अंगापासून थोडा दूर होता, खाली झुकलेला, लहान मुलाचं बोट धरावं तसा.

जुई वळली आणि म्हणाली, "आई, चटणी दे ना." मी तिला छातीशी धरून मोठ्याने रडले. जाऊबाईंनी पुऱ्या बाहेर नेल्या.

त्यानंतर मावशी आमच्याकडे फक्त तवा मांडून द्यायला यायची आणि लगबगीने परत जायची. "घरी वाट पाहून राहिली," म्हणायची. तिच्या मागच्या दारातून सकाळी गुणगुणणं ऐकू यायचं. तिला इतकी आनंदी मी आधी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला त्याची भीती वाटायची.

उन्हाळी धानाची रोवणी चालू असताना एका सकाळी ती आली नाही. मागच्या दारात भिंतीला टेकून बसलेली सापडली. समोर पळसाची दोन पानं मांडलेली होती, एकमेकांना खेटून. दोन्ही रिकामी होती, पुसून घेतल्यासारखी.

तेरवीला दरेकशाहून तिचा भाऊ आला. अंगणात पंगत बसली. रिवाजाप्रमाणे मावशीचं पान दाराबाहेर वेगळं मांडलं, भात, वरण, वर दोन पुऱ्या. जुई उठली, सरळ तिथे गेली. पुऱ्या काढून बाजूला ठेवल्या आणि पान उचलून पंगतीत आणलं.

बायका ओरडल्या. मेल्या माणसाचं पान जित्यांच्या पंगतीत?

"मावशी गहू खात नाही," जुई म्हणाली. "आणि तिला एकटीला नाही बसवायचं."

म्हातारा भाऊ किती तरी वेळ त्या पानाकडे बघत राहिला. त्या घरात त्यानेही कधीतरी दारात बसलेली भाची पाहिली असेल. "सरका रे," शेवटी तो म्हणाला.

आम्ही सरकलो. जुईने आणखी एक कोरी पत्रावळ ओढून त्या पानाशेजारी ठेवली. तिच्यावर मीच भात वाढला. मग तिने पळी घेतली आणि भाताच्या गंजाच्या झाकणावर टकटक केली.

"सारे बसा."

कुणी घास उचलला नाही. आम्ही सगळे दाराकडे बघत थांबलो, चपला काढून आत यायला लागतो तेवढा वेळ. मग जेवायला सुरुवात केली.