शुभदाने बाबांचा कॉम्प्युटर बदलला

कुडाळ स्टेशनवर मला सोडायला दोघं आली होती, बाबा आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण शुभदा. बंगळुरूत प्रोग्रामरची नोकरी लागली म्हणून मी निघाले होते. शुभदाही माझ्याबरोबर तेच शिकली होती, पण तिला लांब जायचं नव्हतं. ती मालवणात कॉम्प्युटरचा क्लास काढणार होती. गाडी सुटेपर्यंत मला तिची कीव येत होती. आज हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. बाबा एवढंच म्हणाले, "हय काय अडला तर तुकाच फोन करतलंय हां, गो बाय."

बाबांनी देवबागला आयुष्यभर होडी चालवली. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि बुकिंगसाठी माझा कॉलेजातला कॉम्प्युटर ताब्यात घेतला. त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, एका कंपनीची होती. ती स्वतःच्या मर्जीने अपडेट व्हायची, मध्येच रुसून बसायची, आणि का रुसली ते आत शिरून बघायची सोय नव्हती. ती रुसली, की आलाच रविवारी बाबांचा फोन. मी वैतागल्याचं नाटक करायचे. आई गेल्यावर आम्हा बापलेकीत बोलायला तेवढाच विषय उरला होता. कॉम्प्युटर सुरू झाला की मग जेवलीस काय, पाऊस केवढा, असे चार शब्द जास्तीचे निघायचे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. आम्हा प्रोग्रामर लोकांना स्वतःसाठी निवडायची मुभा मिळाली, की पुष्कळ जण लिनक्ससारखी खुली सिस्टिम घेतात. निव्वळ फुकट मिळते म्हणून नव्हे. तिचा सगळा कोड उघडा असतो. काही बिघडलं तर आत जाऊन बघता येतं, आपल्याला हवं तसं बदलता येतं, कुणाची परवानगी लागत नाही. केलेली दुरुस्ती चांगली निघाली तर ती सगळ्यांच्या कामी येते आणि करणाऱ्याचं नाव तिथे राहतं. जुन्या मशीनवरही ती निमूट चालते. मी स्वतः घरी तीच वापरते. मग बाबांना का नाही दिली? त्यांना झेपणार नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण असं, की ती फारशी अडली नसती.

मागच्या वर्षी कंपनीने कळवलं, की इतक्या जुन्या सिस्टिमकडे आम्ही यापुढे बघणार नाही. मी बाबांना म्हटलं, नवा कॉम्प्युटर घेऊ, सुट्टीत आले की लावून देते. तेवढा धीर त्यांना कुठला. शुभदाने एका दुपारी येऊन त्याच डब्यावर लिनक्स टाकून दिलं. फोन थांबले. पहिल्या रविवारी मला सुटल्यासारखं वाटलं, तिसऱ्या रविवारी मीच फोन लावला. सगळा बरा चलता, म्हणाले, आणि मग शुभदापुराण सुरू झालं. शुभदाने हे शिकवलं, शुभदा येताना माशाच्या आमटीत घालायला तिरफळं घेऊन आली, शुभदाला त्यांच्या हातचा चहा आवडतो. मी नुसतं हो का, हो का करत होते. त्यांनी मला कधी चहा करून दिल्याचं मला तरी आठवत नाही.

दिवाळीत घरी गेले, तर कॉम्प्युटरच्या टेबलाशी दोन खुर्च्या. दुसरी तिची. मी हट्टाने उभीच राहिले आणि विचारलं, हे नवं सगळं जड जात नाही का? बाबा म्हणाले, "ज्या इंजिनाचा झाकाण आपणाक उघडूक येणा नाय, ता घेवन दर्यात जावचा नाय." होडीचं इंजिन ते स्वतः खोलायचे, भर समुद्रात मेकॅनिक कुठून येणार? आमच्या ऑफिसात या विषयावर तास तास वाद चालतात, बाबांनी तो एका दमात मिटवला. मला अभिमान वाटायला हवा होता. मला एवढंच वाटलं, की हे त्यांनी शुभदाला आधी ऐकवलं असणार.

मग त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा एक प्रोग्राम उघडला. तोही असाच खुला. त्यात मालवणच्या वेळा होत्या, आणि देवबागच्या खाडीत पाणी उशिरा फिरतं हे बाबांना लहानपणापासून ठाऊक. ते रोज वेळा टिपत राहिले, शुभदाने ते आकडे प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना पाठवले, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी तपासून ते ठेवून घेतले. हातभार लावणाऱ्यांच्या यादीत नाव होतं: दिगंबर, देवबाग. त्यावर बोट टेकवून ते म्हणाले, "ह्या माझा. आता तुझा दाखव. तुझा नाव खंय आसा?"

माझं नाव कुठेच नाही. माझी कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांसाठी स्वतःची बंद सिस्टिम बनवते. बारा वर्षं मी तिचा कोड लिहितेय आणि तो कुणालाही दाखवणार नाही अशी सही करून दिली आहे. जन्मदात्यालासुद्धा नाही. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "शुभदाक सांगूया. ती शिकयत तुका."

तुम्हीही माझ्यासारखे गाव सोडून आलेले असाल, तर कबूल करा. घराला कुलूप घालून किल्ली आपण बरोबर आणली, अशाच तोऱ्यात आपण इथे राहतो. मागे राहिलेल्यांनी ते घर उघडं ठेवलं, झाडलं, चालतं ठेवलं. शुभदा, मला तुझा हेवा वाटतो. तू हे वाचत असशील तर हे तुझे आभार आहेत, आणि ते मनापासून नाहीत. माझं घर आज धडधाकट आहे, बाबा खुशीत आहेत. माझ्यावाचून तिथे काहीही अडत नाही, आणि तेवढं एक मला अजून सहन होत नाही.