माझ्या यादीत नसलेला दिवा

गॅसच्या टँकरला अपघात झाला की आमच्या पथकाला बोलावणं येतं. इतकी वर्षं हे काम करतोय, पण उंब्रजच्या अलीकडे त्या दिवशी जे पाहिलं, तसं पुन्हा पाहिलं नाही.

नवरात्रातली पाचवी माळ होती. सकाळी स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर रस्त्याकडेला कलंडला आणि त्याचा व्हॉल्व्ह तडकला. आम्ही पोहोचलो तेव्हा गॅस पांढऱ्या धुक्यासारखा बाहेर पडत होता. हा गॅस हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीलगत सरपटतो. गवताचं पातंही न हलवता तो ओढ्यात उतरला आणि वस्तीच्या दिशेनं निघाला. धुकं जिथं संपतं त्याच्याही पुढं तो असतो, दिसत नाही एवढंच. मी घाबरलो होतो, पण खरं सांगतो, त्याच्यावरून नजरही हटत नव्हती.

सहकारी टँकरपाशी थांबले, अग्निशामक दलानं पाण्याचे फवारे सुरू केले आणि मी भोंगा घेऊन वस्तीत शिरलो. चुली विझवा, शेगड्या बंद करा, बिडी-काडी नको, विजेच्या बटणाला हात लावू नका, वरच्या माळावर चला. माझी यादी तोंडपाठ होती. प्रत्येक दारात विचारलं, "आत कुठं विस्तव आहे?"

"न्हाई सायेब, समदं इझवलंय."

कुणीही खोटं बोलत नव्हतं. घरांना कुलपं लागली, माणसं माळावर गेली.

शेवटच्या घरातली बाई मात्र उंबरा सोडेना. पन्नाशीची, उपवासानं चेहरा उतरलेला, पण आवाज खणखणीत. मी मुळातच चिडका. "अहो, जिवावर उदार झालात का?" म्हणून खेकसलो.

"मी गेल्यावर दिव्यात त्याल कोण घालनार?"

मी मागं वळून कुलूपबंद दारांकडं पाहिलं. प्रत्येक बंद घरात घटापुढं अखंड दिवा तेवत होता. सांगलीला माझ्याही घरी तेवत होता, सकाळी कामावर निघताना त्याला नमस्कार करून आलो होतो. तरी तो विस्तव आहे हे त्यांच्या मनात आलं नाही, आणि माझ्याही.

नऊ दिवस जपायचा दिवा शांत करा, हे सांगायला माझी जीभ रेटेना. कसंबसं सांगितलं, गॅस दिव्यापर्यंत आला तर अख्खी वस्ती पेटेल. तिनं ओढ्याकडं पाहिलं.

"येळ किती हाय?"

"थोडा."

ती आत गेली. फुंकर मारली नाही. झेंडूच्या देठानं वात तेलात बुडवली आणि म्हणाली, "आई, घटकाभर डोळं मीट." मग माळाच्या कडेला जाऊन ओरडली, "घटाचं दिवं ऱ्हायल्यात! किल्ल्या घिऊन या! देवीला मी सांगितलंय!"

माळावरून बायका उतरल्या. बऱ्याचजणी अनवाणी. त्या माझ्याकडे नव्हे, त्या धुक्याच्या दिशेनं येत होत्या. एकीनंही का म्हणून विचारलं नाही. घराघरांतून कुलपं वाजली आणि एकेक दिवा शांत झाला. घरातल्या बायकांच्या उपवासांची मी आयुष्यभर टिंगल केली होती, त्याची तिथं उभ्या उभ्या लाज वाटली.

दुपारी गळती थांबली. दिवेलागणीपर्यंत मी गॅस मोजायचं यंत्र घेऊन घरं, न्हाण्या, खळगे तपासत फिरलो. सगळीकडे शून्य. मी परवानगी दिली, माणसं परतली, पण चूल कुणी पेटवेना. सगळे त्या बाईच्या दाराशी जमले.

"धोका न्हाई म्हनताय न्हवं?" ती म्हणाली. "मग पयली काडी तुमीच ओढा."

मी आत जाऊन घटापुढं बसलो. यंत्रावर शून्य होतं. तीनदा पाहिलं होतं, चौथ्यांदा पाहिलं. काडेपेटी उघडली, पुन्हा मिटली. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

तिनं माझ्या हातातल्या मिटलेल्या काडेपेटीकडं पाहिलं. तेलातली वात वर काढली, पदर सावरला आणि दिव्यासमोर माझ्याशेजारी मांडी घालून बसली.

"मी हितंच बसती," ती म्हणाली. "ओढा."