शुक्र सूर्यावरून गेला त्या सकाळी

दोन हजार बारा सालच्या जूनमध्ये शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. मी हायस्कूलात विज्ञान शिकवते, त्यामुळे आमच्या सोलापूरच्या घरात ही बातमी मीच आणली. मोठ्या हौसेनं सांगितलं, की हा योग पुन्हा शंभर वर्षांत नाही. सासूबाईंनी त्यातलं एवढंच घेतलं, की सूर्याच्या आड काहीतरी येतंय. धाकट्या जावेला तेव्हा सातवा महिना होता.

"म्हंजे गिराणच की."

"ग्रहण नाही हो आई, नुसता ठिपका. पंचांगातसुद्धा नाही."

"पंचांगात न्हाय म्हंजे कवा लागतंय, कवा सुटतंय, तेबी कळायचं न्हाय. लईच वंगाळ."

यापुढे विज्ञान काय करणार, कपाळ! आदल्या संध्याकाळीच दुधात, लोणच्यात तुळशीची पानं पडली. विळी, सुया, कात्री पेटीत गेल्या. जावेनं पहाटेपासून मधल्या खोलीत पाय सरळ पसरून बसायचं, काही चिरायचं नाही, काही दुमडायचं नाही, स्वतःचे गुडघेसुद्धा. आईनं दुमडलं की बाळाचं दुमडतं म्हणे. खिडकीला जाड चादर लागली. एरवी ज्यांना हलवून उठवावं लागतं ते धाकटे दीर उंबऱ्याबाहेर राखणीला बसले, आणि सासूबाईंनी तिच्याबरोबर स्वतःही पाणी घेतलं नाही.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तिचा हेवा वाटत होता. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि या घरात मला कधी कुणी कशाला मना केलं नव्हतं. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. आणि मी मेली जळत होते एका अंधाऱ्या खोलीवर, जिथं मला कुणी कोंडलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

सकाळी ग्रहणाचे चष्मे घेऊन मी गच्चीवर निघाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वर शेंगा वाळत घातल्यात. पोरास्नी तुडवू दिऊ नगं." काळजी तेवढीच, शेंगांची.

गल्लीतली मुलं जमली होती. सूर्य वर आला, मी चष्मा लावला आणि तो दिसला. काळा, गोल, तिळाएवढा. इतके महिने वाट पाहिलेली, वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. छे! मन सगळं खालीच. आता दीर तिला दारातून काय म्हणत असतील? सासूबाई तिच्या पायाशी बसल्या असतील का? शेवटी शेजारच्या मास्तरांवर मुलं सोपवली आणि खाली उतरले.

"आक्का, तुमी? संपलं व्हय?" जावेनं विचारलं.

"नाही. ऊन लागलं," मी म्हणाले. सकाळचे सात वाजले होते.

मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. ती म्हणाली, "मला लई बघावं वाटत हुतं. तुमचं बरं हाय, आक्का." हिला माझं बरं वाटत होतं! एक ठेवून द्यावीशी वाटली. मग ती "हलतंय," म्हणाली आणि पोटावर हात ठेवून आपल्याशीच हसली. मी दुसरीकडे पाहिलं.

बराच वेळ आम्ही तशाच बसलो. वरून मुलांचा कालवा ऐकू येत होता. माझ्या जन्मात पुन्हा दिसणार नव्हतं ते वर चाललं होतं आणि मी चादरीच्या अंधारात होते. पण मला तिथं बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

सासूबाई आत आल्या. "कवा सुटतंय गं?"

"दहा-सव्वादहाला."

त्यांनी जावेच्या केसांवरून हात फिरवला, तिचा पदर सारखा केला. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. ते तिच्या पायांशेजारी सरळ पसरलेले होते, गुडघे ताठ. मी तसे कधी पसरले, माझं मलाच कळलं नव्हतं.

सासूबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "पाय अवघडलं असतील तुजं. तू घाल की मांडी. तुला काय व्हतंय?"

मी मांडी घातली.