तोडलेलं पाणी

शनिवारी सकाळी मुलीचा अकोल्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "माळा रिकामा करून राहिली. उद्या भंगारवाला येते. तो जुना कॉम्प्युटरही देऊन टाकते."

"नातीचा?"

"मंग कोणाचा? किती वर्षं झाले, माळ्यावर धूळ खाऊन राहिला."

"मी येते. मी आल्याशिवाय हात लावू नको त्याले."

"काहून? तुले काय करायचा आहे?"

मी फोन ठेवला, पिशवीत एक लुगडं टाकलं आणि अमरावतीहून अकोल्याची बस धरली. शेजारच्या बाईनं मूर्तिजापूरपर्यंत माझी चौकशी केली. एवढ्या घाईनं निघालात, कोणाकडे काय झालं? मी म्हटलं, बागेचं काम आहे. खोटं नव्हतं ते.

वरूडकडे आमची संत्र्याची बाग होती. नवरा गेल्यावर ती दिरानं सांभाळली आणि मी मुलीजवळ राहायला आले; ती तेव्हा अमरावतीलाच होती. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर. शाळेतून आलेल्या नातीला जेवू घालून तिच्यावर नजर ठेवायची, हे माझं काम. ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळत बसायची म्हणून मीही तिथंच बसायचे.

तो खेळ सगळा ठोकळ्यांचा. माती चौकोनी, झाड चौकोनी, गायसुद्धा चौकोनी. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. खोदायचं, बांधायचं, पेरायचं. पोरीनं एक शेत केलं होतं आणि भोवती मनात येईल तिथं झाडं खोचली होती.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "हे काय शेत आहे? बाजारात माणसं उभी असतात तशी झाडं लावली तू."

"मंग तू लाव ना. लई समजते तर."

मी चौथी शिकलेली. पण ते यंत्र काही अवघड नव्हतं. माउसचं एक बटण दाबलं की खोदायचं, दुसरं दाबलं की ठेवायचं. पंधरा दिवसांत हात बसला. एक ठोकळा तीन फुटांचा धरला आणि सहा-सहा ठोकळ्यांवर झाडं लावली, म्हणजे आमच्या बागेसारखं अठरा फुटांचं अंतर झालं. वरच्या बाजूला विहीर, तिथून पाण्याचा दांड, दांडातून प्रत्येक ओळीला फाटा. मधल्या जागेत पोरीचा गहू. नात सांगायची, या झाडांना पाणी लागत नाही, लागतं ते गव्हाला. मी ऐकलं नाही. झाड आहे तर पाणी लागणारच.

मग थंडी आली. थंडीत आम्ही संत्र्याला ताण देतो. महिना-सव्वा महिना पाणी तोडायचं. झाड सुकायला लागतं, पान मळकट होतं, थोडं गळतंही. नव्या माणसाचा जीव वरखाली होतो. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. ताण दिला नाही तर बहार धड येत नाही. पण ताण देऊन पाणी सोडायला विसरला, तर झाड जातं. आमच्याकडे असल्या माणसाला कोणी शेतकरी म्हणत नाही.

एके दिवशी नात शाळेत असताना मी विहिरीजवळ मातीचा एक ठोकळा ठेवला आणि दांड बंद केला. संध्याकाळी तिनं पाहिलं तर गव्हाची काळी ओली जमीन पांढुरकी पडलेली. कापणी झाली होती तेवढ्या जागेची तर पुन्हा साधी माती झालेली.

"आजी! पाणी काहून बंद केलं?"

"ताण दिला."

"माह्या गव्हाले?"

"बागेले. गहू मधात आला त्याले मी काय करू? सव्वा महिना थांब."

मला वाटलं, रडेल. पण ती हसली. तिनं खेळातली लाकडी पाटी घेऊन त्या ठोकळ्यावर लावली. त्यात मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं: आजीने ताण दिला आहे, पाणी सोडू नये.

सव्वा महिना व्हायच्या आत जावयाची अकोल्याला बदली झाली. सामान ट्रकमध्ये गेलं, त्यात कॉम्प्युटरही गेला. मी गेले नाही. अकोल्याचं ऊन मला सोसत नाही. अमरावतीचं काही कमी नाही, पण ते सवयीचं आहे.

तेव्हापासून दहा वर्षं ते पाणी तुटलेलं. अकोल्याला जाणं व्हायचं, पण कधी पोरीची दहावी, कधी बारावी, मग ते यंत्रच बंद पडलं. आणि जावयासमोर काय सांगणार, की कॉम्प्युटरमधल्या विहिरीचं पाणी सोडायचं राहिलं म्हणून? पण थंडी पडली की मला आठवायचं आणि स्वतःचा राग यायचा.

नात आता इंजिनीअरिंगला आहे. रविवारी सकाळी मी तिला एकटीला गाठून सांगितलं. ती मोठ्यानं हसली नाही. नुसतं म्हणाली, "म्हणून आली का तू!"

कॉम्प्युटरचा डबा सुरूच होईना. तिनं मागचे स्क्रू काढले, आतून वहीएवढी एक डिस्क काढली, मैत्रिणीकडून वायर आणली आणि ती आपल्या लॅपटॉपला जोडली. एवढ्यात भंगारवाला दारात.

"माय, देऊन राहिले का डबा?"

"बसा भाऊ. चहा घ्या."

मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, "तुमचं काय चालू आहे दोघींचं?"

बाग उघडली, पण ती माझी नव्हती. गवताचा रंग वेगळा, दगड गुळगुळीत, आणि झाडांच्या शेवटच्या ओळीच्या पार पलीकडे, जिथवर आम्ही कधी गेलोच नव्हतो तिथं, भिंतीसारखा सरळ तुटलेला डोंगर.

मी म्हटलं, "हे आपलं नाही. कोणाचं शेत उघडलं?"

"आपलंच आहे. खेळ नवा झाला आजी, म्हणून असं दिसते. थांब, ही नुसती नक्कल उघडली, खरी बाग डिस्कवर तशीच आहे. आता जुना खेळ उतरवते." खेळाच्या सगळ्या जुन्या आवृत्त्यांची यादी होती. त्यातली तेव्हाची तिनं निवडली.

या वेळी उघडली तेव्हा ती आपलीच आहे हे कोणी सांगायची गरज पडली नाही. तेच हिरवं भडक गवत. सहा-सहा ठोकळ्यांवर झाडं, एकही ओळ वाकडी नाही. आणि विहिरीजवळ पाटी.

"झाडं हिरवीच कशी?" मी विचारलं.

"आपण त्या जागेजवळ नसलो की तिथं काहीच होत नाही. वेळच थांबते."

म्हणजे दहा वर्षं मी उगाच जिवाला लावून घेतलं. "हे तवाच सांगता नाही आलं तुले?"

"तू विचारलंच कुठं? अकोल्याला आल्यावर मी खेळली ना पुष्कळ. पण इथून लई दूर, नदीजवळ दुसरं शेत केलं."

"मंग इथलं पाणी काहून नाही सोडलं? गहू तर तुहाच होता."

"पाटी होती ना. तू सोड म्हटलं नव्हतं."

मी माउस घेतला. हाताची सवय सुटली होती, दोनदा भलतीकडेच खोदलं, एकदा पाटीच उखडली. चौथ्यांदा तो ठोकळा निघाला. पाणी दांडात उतरलं, पहिल्या फाट्याला वळलं, मग दुसऱ्या. पांढुरकी जमीन ओळीओळीनं काळी झाली.

"पाटी परत लावू का?" नातीनं विचारलं.

"पाणी सुटलं. आता कशाले पाहिजे पाटी?"

"आजी, या झाडाले संत्री येत नाही, माहीत आहे ना?"

"तुह्यापेक्षा जास्त माहीत आहे."

बाग तिच्या लॅपटॉपमध्ये ठेवली. मी रिकामा डबा स्वतः उचलून दारात नेला आणि भंगारवाल्याच्या हातात दिला. मग हात धुतले आणि मुलीला म्हटलं, वाढ, भूक लागली आहे.