पिस्तुलाचं भांडण आणि संगीताचा पेशंट

परवा बाजाराच्या दिवशी भर दुपारी मी आणि बापूराव माझ्या दुकानात पिस्तुलावरून भांडत बसलो होतो...

युसूफ वडगाव या आमच्या गावात माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. बापूराव माझा शाळेपासूनचा मित्र, बागायतदार माणूस, आणि सध्या पिस्तुलाच्या लायसनसाठी बीडला खेटे घालतोय.

विषय सगळीकडे तोच चाललाय म्हणा. रस्त्यात गाडी आडवी लावून लुटल्याच्या गोष्टी सारख्या कानावर येतात, आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, भल्या माणसाजवळ हत्यार पाहिजेच. दुसरी म्हणते, आहेत ती आधी काढून घ्या...

"तुझी बायको एकटी वाड्या-वस्त्या हिंडती. तिच्यासाठी तरी लायसन काढ की बे," बापूराव म्हणत होता.

संगीता, म्हणजे माझी बायको, आरोग्यसेविका आहे. लसीचा डबा स्कूटीला बांधून ऊन-पाऊस न बघता फिरते. पिस्तुलाचं नाव काढलं की हसायची... पण लेकीने संभाजीनगरहून पाठवलेला मिरचीचा स्प्रे मात्र पर्समध्ये असायचा.

मी बापूरावला म्हणालो, "अन ते पिस्तूलच हिसकावून नेलं तर?" तो उत्तर देणार तेवढ्यात रस्त्यावर एकच गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "सिस्टरला लुटलं!"

गावात सिस्टर म्हणजे संगीताच. मी चप्पल न घालताच पळालो, मागोमाग बापूराव.

झालं होतं असं... रसवंतीपाशी ती स्कूटी लावत होती आणि दोघं जण बाईकवरून आले. मागच्याने तिच्या गळ्यातल्या साखळीला हिसका दिला. साखळी तुटेना, ही गुडघ्यांवर पडली, आणि तशाच अवस्थेत हिने पर्समधून स्प्रे काढून त्याच्या तोंडावर मारला. तो खाली कोसळला. गाडी चालवणारा त्याला तिथेच टाकून पसार झाला.

आम्ही पोचलो तोवर ही गर्दी जमलेली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात उसाचं टिपरू... मला वाटलं, संगीता कुठेतरी कोपऱ्यात रडत बसली असेल.

ती गर्दीच्या मधोमध होती. तो माणूस डोळे धरून मातीत लोळत होता, आणि ही त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून उभी होती. गळ्यावर लाल वळ उठलेला.

"खबरदार कुणी हात लावला तर! पेशंट हाय माझा ह्यो!"

"सिस्टर, चोर हाय त्यो! कावून वाचवायलात त्याला?"

"चोर हाय ते पोलीस बघतील. डोळे मी बघते. पाणी आणा आधी!"

पाणी कुणी आणेना. मागून एक काठी आली ती सरळ तिच्या दंडावर बसली... मी घुसायला लागलो, पण माझ्या आधी बापूराव घुसला. तिच्या शेजारी छाती काढून उभा राहिला आणि असा काही गरजला की पुढची पोरं दोन पावलं मागे सरली. "वहिनी काय सांगायल्यात ते ऐकू येईना का? पाणी आणा बे!"

मग रसवंतीवाल्याने पाण्याचा जारच आणला. संगीताने त्या माणसाचं डोकं कलतं धरलं आणि मी धार सोडत राहिलो. तिशीतला धट्टाकट्टा गडी, लहान लेकरासारखा रडत होता. "ताई, लई आग व्हायलीय..."

"होणारच. चोळू नको. उघडझाप कर डोळ्यांची."

पोलीस आले तेव्हा तो चालत गाडीत बसला. आणि हो, तक्रार तिने सोडली नाही. ठाण्यात जाऊन सगळा जबाब दिला, सही केली, मगच दुकानात आली.

चहा मागवला. बापूरावला राहवेना. "वहिनी, खरं सांगा... पिस्तूल असतं तर त्यांची हिंमतच झाली न्हसती."

"असतं तर मी चालवलं असतं भाऊ," ती म्हणाली. "त्या टायमाला एवढा राग आलता, एवढं भ्या वाटलं, की नक्कीच चालवलं असतं. स्प्रे पाण्यानं धुता आला. गोळी कशानं धुवायची?"

"अन पिस्तूल त्याच्याकडं असतं तर?" बापूरावने विचारलं.

"तर साखळी देऊन टाकली असती."

बापूरावला ते पटलं असं नाही. लायसनचं काम त्याने थांबवलेलं नाही, आणि तो तसा चुकीचा माणूसही नाही. त्या गर्दीत माझ्या बायकोच्या शेजारी सगळ्यात आधी तोच उभा राहिला, हातात काहीही नसताना... त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता ग्रुपवर सगळे लिहितायत की सिस्टरला भीती कशी ती माहीतच नाही. पण दुकानात चहाचा कप तिला धरता येत नव्हता. शेवटी मीच बशीत ओतून तिच्या तोंडाला लावला. "लई भ्याले हो मी," ती हळूच म्हणाली.

हे लिहू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, लिहा, खरं हाय ते लिहा.

म्हणून लिहितोय. माझी बायको खूप घाबरली होती... आणि तेवढी घाबरलेली असताना ती एका माणसाच्या आणि काठ्यांच्या मधे उभी राहिली. तिचा नवरा म्हणून मला आज गावात मान ताठ करून चालावंसं वाटतंय.